कावीळ, पित्तनलिका आणि विसरलेला तीळ

कावीळ झाली की आपल्याकडे पहिला संशय पाण्यावर जातो. गावाला गेलो होतो, लग्नात जेवलो होतो, पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं होतं. बहुतेक वेळा तो संशय खराही ठरतो. दूषित पाण्यातून येणारी ‘ए’ आणि ‘ई’ हिपॅटायटिसची कावीळ बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपली आपण उतरते, आणि नाकात देवडांगरीचे थेंब सोडणाऱ्याला किंवा गळ्यात माळ बांधणाऱ्याला तिचं श्रेय मिळून जातं. त्यामुळेच दुसऱ्या जातीची कावीळ ओळखायला उशीर होतो. तिच्यात यकृत पित्त तयार करत असतं, पण ते आतड्यात उतरायची वाट बंद झालेली असते. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, शौच मात्र पांढुरकं, मातकट होतं, कारण त्याला रंग देणारं पित्त तिथवर पोचतच नाही. अंगाला खाज सुटते, रात्रीची झोप उडते. ताप असेलच असं नाही, पोटात दुखेलच असंही नाही. दुखत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो. डॉक्टरांच्या लेखी मात्र न दुखता रोज थोडी थोडी वाढणारी कावीळ जास्त काळजीची.

वाट अडवणाऱ्यांची यादी तशी ठरलेली आहे. पित्ताचे खडे, स्वादुपिंडाच्या डोक्याचा कर्करोग, पित्ताशयाचा कर्करोग, खुद्द पित्तनलिकेचा कर्करोग. या यादीच्या अगदी तळाशी, बऱ्याचदा यादीबाहेरच, आणखी एक शक्यता असते: त्वचेचा कर्करोग पसरत पसरत पित्तनलिकेत येऊन रुजलेला असणं. असे रुग्ण इतके थोडे की वैद्यकीय नियतकालिकांत त्यांच्या कहाण्या एकेक करून छापल्या जातात. तरीही हा विषय सामान्य वाचकापर्यंत पोचायला हवा असं मला मनापासून वाटतं. कारण इथे निदान चुकलं तर उपचाराची दिशाच चुकते, आणि बरोबर निदानाचा धागा पुष्कळदा रुग्णाच्या किंवा घरच्यांच्याच आठवणीत पडून असतो.

त्वचेचे कर्करोग अनेक प्रकारचे आहेत. जगात सर्वांत जास्त आढळणारे दोन प्रकार त्वचेच्या आवरणपेशींपासून होतात; ते बहुतेक वेळा जागच्या जागी वाढतात आणि वेळेवर कापून काढले की संपतात. दूरच्या अवयवांत जाऊन बसण्याची खोड प्रामुख्याने मेलानोमाची. तो रंगपेशींपासून होतो. या रंगपेशींचं मूळही लक्षात घेण्यासारखं आहे. गर्भात पाठीच्या कण्याजवळ, जिथून मज्जासंस्थेचे काही भाग घडतात, त्याच पट्ट्यातून या पेशी निघतात आणि लांबचा प्रवास करून कातडीत, डोळ्यात, तोंडाच्या आणि गुदद्वाराच्या नाजूक अस्तरात, अगदी कानाच्या आतल्या भागातही मुक्काम करतात. म्हणजे भटकण्याची क्षमता त्यांच्यात जन्मापासूनच असते. कर्करोग झाल्यावर तीच क्षमता घातक ठरते.

लंडनचा शल्यचिकित्सक जॉन हंटर याने 1787 साली एका रुग्णाच्या जबड्यापासून अशी गाठ काढली होती. ती आपण कशाची काढली हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने जपून ठेवलेला तो तुकडा 1968 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला गेला, तेव्हा तो मेलानोमा असल्याचं सिद्ध झालं. पुढे स्टेथोस्कोपचा जनक म्हणून प्रसिद्ध झालेल्या रेने लेनेक याने 1804 मध्ये पॅरिसमध्ये या काळ्या गाठींचा आजार स्वतंत्र आहे अशी मांडणी केली. आणि 1889 मध्ये स्टीफन पॅजेट या इंग्रज डॉक्टरने स्तनाच्या कर्करोगाच्या 735 मृत रुग्णांच्या नोंदी तपासून विचारलं, की कर्करोग काही ठरावीक अवयवांतच का पसरतो? त्याचं उत्तर शेतकऱ्याला सहज पटेल असं होतं: बी सगळीकडे उडतं, पण उगवतं जमीन मानवेल तिथेच.

मेलानोमाला मानवणाऱ्या जमिनींत पचनसंस्था येते, हे अनेकांना माहीत नसतं. त्यातही लहान आतडं त्याला विशेष पसंत. पाश्चात्त्य देशांत पित्ताशयात बाहेरून आलेल्या कर्करोगांचा हिशेब मांडला, तर निम्म्याहून जास्त वाटा मेलानोमाचा निघतो. मेलानोमाने मृत्यू पावलेल्यांच्या शवविच्छेदनात पचनमार्गात गाठी वारंवार सापडतात. रुग्ण जिवंत असताना मात्र त्यातल्या फारच थोड्या लक्षात येतात, कारण त्या लक्षणंच देत नाहीत. पित्तनलिका याला अपवाद. ही नळी जेमतेम सहा-सात मिलिमीटर रुंद. आतड्यात जी गाठ महिनोन्‌महिने गुपचूप वाढली असती, ती इथे डाळीच्या दाण्याएवढी झाली तरी वाट अडते आणि डोळे पिवळे होतात.

अडथळा येण्याच्या तऱ्हाही वेगवेगळ्या. रक्तातून आलेल्या पेशी नलिकेच्या भिंतीत रुजून आतल्या पोकळीत लोंबणारी गाठ बनवतात, हा प्रकार सर्वांत दुर्मीळ. त्याहून जास्त वेळा यकृताच्या प्रवेशद्वाराशी असलेल्या लसिका ग्रंथी सुजून नलिकेला बाहेरून दाबतात. कधी गाठ स्वादुपिंडाच्या डोक्यात असते, कधी नलिका जिथे आतड्यात उघडते त्या तोंडाशीच. बाहेरून पाहता चारही रुग्ण सारखेच पिवळे दिसतात.

आता प्रत्यक्षात काय घडतं ते पाहू. कल्पना करा, साठीचे एक गृहस्थ. तीन आठवड्यांपासून कावीळ, खाज, वजन उतरलेलं. रक्ततपासणीत बिलिरुबिन, जे साधारण 1 मिलिग्रॅमच्या आसपास हवं, ते 14. त्यातलं बहुतेक ‘डायरेक्ट’ प्रकारचं, म्हणजे यकृताने प्रक्रिया करून पुढे ढकललेलं पण बाहेर न पडलेलं. अल्कलाइन फॉस्फटेज कितीतरी पट वाढलेलं. सोनोग्राफीत यकृतातल्या पित्तवाहिन्या फुगलेल्या, खडा दिसत नाही, नलिकेचा खालचा भाग आतड्यातल्या हवेमुळे झाकलेला. डॉक्टर विचारतात, “काका, आधी काही ऑपरेशन?” “अपेंडिक्सचं. कॉलेजात असताना.” तेवढ्यात काकू म्हणतात, “आणि यांच्या पायाचं ते कुरूप काढलं होतं की, सात-आठ वर्षं झाली असतील.” “अगं, ते काय ऑपरेशन!” “त्याचा रिपोर्ट आहे?” “रिपोर्ट कसला डॉक्टर, कुरूपच होतं.”

काकूंच्या त्या एका वाक्यावर पुढचं बरंच काही ठरतं. उन्हात होरपळणाऱ्या गोऱ्या कातडीवर मेलानोमा पाठीवर, पायांवर, उघड्या भागावर होतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये त्याचं प्रमाण जगात सर्वाधिक आहे. आपल्या सावळ्या कातडीला त्यापासून मोठं संरक्षण आहे आणि भारतात हा आजार विरळाच. पण जेव्हा होतो तेव्हा तो बहुधा जिथे ऊन फारसं लागतच नाही तिथे होतो: तळपायावर, टाचेला, तळहातावर, नखाखाली. तळपायावरचा काळा डाग कोण रोज पाहतं? पाहिलाच तर कुरूप, चामखीळ, काटा मोडून राहिलेली जागा किंवा ठेच लागून साकळलेलं रक्त समजून सोडून दिला जातो. प्रसिद्ध गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचा मेलानोमा 1977 मध्ये लक्षात आला, तोही आधी फुटबॉल खेळताना झालेली इजा वाटला होता. 1981 मध्ये वयाच्या 36व्या वर्षी तो गेला. नखाखाली काळी रेघ असेल आणि तो काळेपणा नखाच्या कडेच्या कातडीवर उतरला असेल, तर ती फार गंभीर खूण मानतात. जोनाथन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात ती दाखवून दिली आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते.

पहिली गाठ काढल्यावर दहा-दहा वर्षांनी मेलानोमा दुसरीकडे उगवल्याची उदाहरणं आहेत. डोळ्यातला मेलानोमा तर यकृतात शिरण्यासाठी कुप्रसिद्ध. काचेचा डोळा आणि वाढलेलं यकृत असा रुग्ण समोर आला तर सावध राहा, असं वैद्यकीय विद्यार्थ्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं जातं. इतकी वर्षं मध्ये गेली की रुग्णाच्या मनात त्या दोन आजारांचा संबंध उरत नाही. म्हणून डॉक्टरांनी “कॅन्सर झाला होता का?” एवढंच विचारून भागत नाही. “अंगावरचा एखादा तीळ, मस, चामखीळ, नख कधी काढलंय का? डोळ्याचं ऑपरेशन कशासाठी झालं?” असं सुटं सुटं विचारावं लागतं.

तपासण्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे. कावीळ वाढलीय म्हणून घाईने नलिकेत स्टेंट टाकण्याआधी सीटी किंवा एमआरआय झालेला बरा. स्टेंट बसला की फुगलेली नलिका मिटते, भिंतीला सूज येते आणि मग चित्रात गाठ कुठली नि सूज कुठली हे कळेनासं होतं. एमआरसीपी हा एमआरआयचाच प्रकार. त्यात सुई नाही, दुर्बीण नाही, पित्तच पांढरं उजळून दिसतं आणि ते नेमकं कुठे तुटतं हे कळतं. एमआरआयमध्ये मेलानोमाची एक खास खूणही सापडू शकते. मेलानिन या रंगद्रव्याचे चुंबकीय गुणधर्म असे, की टी-1 नावाच्या चित्रमालिकेत ते उजळ आणि टी-2मध्ये काळसर उमटतं. बहुतेक गाठी याच्या उलट वागतात. पण या खुणेवर डोळे मिटून विसंबता येत नाही. साकळलेलं रक्तही टी-1मध्ये उजळ दिसतं, काही पित्तखडेसुद्धा. आणि काही मेलानोमांत रंगद्रव्य जवळपास नसतंच.

रक्तातल्या कर्करोगखुणांनीही फसगत होते. ‘सीए 19-9’ वाढलेलं पाहून घरचे हादरतात, पण पित्त कोणत्याही कारणाने तुंबलं तरी ते वाढतं. त्यावरून पित्तनलिकेचा कर्करोग ठरवणं चूक.

शेवटी तुकडा हवाच. आणि तो मिळवणं हेच या निदानातलं सर्वांत अवघड काम. ईआरसीपीत तोंडावाटे दुर्बीण घालून जठरातून पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणापर्यंत नेतात. या दुर्बिणीचा डोळा टोकाला नसतो, कुशीला असतो, कारण पित्तनलिकेचं छोटं तोंड आतड्याच्या बाजूच्या भिंतीत असतं. त्या तोंडातून बारीक नळी सरकवून रंगद्रव सोडला की क्ष-किरणांच्या पडद्यावर नलिका उमटते. हे प्रथम साधलं ते 1968 मध्ये, वॉशिंग्टनच्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात विल्यम मॅक्यून आणि त्याच्या सहकाऱ्यांना. दोनच वर्षांनी त्याच विद्यापीठातल्या अलेक्झांडर ब्रेस्लो या पॅथॉलॉजिस्टने दाखवून दिलं, की मेलानोमा कातडीत किती मिलिमीटर खोल गेला आहे यावर तो पसरण्याचा धोका अवलंबून असतो. आजही जगभरच्या अहवालांत ती खोली ‘ब्रेस्लो’ म्हणूनच लिहितात. आपल्या कल्पनेतल्या काकांच्या कुरुपाचा रिपोर्ट असता, तर त्यात पहिली पाहायची ओळ हीच.

नलिकेत शिरलेल्या नळीतून छोटा ब्रश फिरवून पेशी खरवडून आणता येतात. गैरसोय अशी, की कर्करोग असूनही ब्रशला तो निम्म्याच वेळा सापडतो. ब्रश कोरा आला म्हणजे आजार नाही, असा अर्थ घेणं धोक्याचं. त्यापेक्षा बारीक चिमट्याने तुकडा घेणं बरं, किंवा एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडने आतड्याच्या भिंतीपलीकडे पाहत सुईने गाठीतून किंवा लगतच्या ग्रंथीतून पेशी ओढून घेणं. अलीकडे नलिकेच्या आतच शिरेल इतकी बारीक दुर्बीण मोठ्या रुग्णालयांत मिळते. तिच्यातून पाहताना पित्तनलिकेचं गुलाबीसर, ओलसर अस्तर दिसतं आणि मधेच काळपट-तपकिरी, ठिसूळ, हात लावताच रक्त येणारा गोळा. असं दृश्य दिसलं की मेलानोमाचं नाव एकदम वर येतं. तरीही तो रक्ताची जुनी गुठळी असू शकतो, म्हणून तुकडा चुकत नाही. एक व्यावहारिक गोष्टही सांभाळावी लागते: पित्त आतड्यात न उतरल्याने ‘के’ जीवनसत्त्व शोषलं जात नाही, रक्त गोठायला वेळ लागतो, त्यामुळे सुई लावण्याआधी रक्त गोठण्याची तपासणी आणि गरज पडल्यास व्हिटॅमिन केचं इंजेक्शन. शिवाय ईआरसीपीनंतर शेकडा 3 ते 10 जणांच्या स्वादुपिंडाला सूज येते, हेही घरच्यांना आधी सांगायला हवं.

आता तो तुकडा पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर पोचतो. केसाहून पातळ काप, नेहमीची गुलाबी-जांभळी रंगवणी. पेशींत तपकिरी कण भरलेले दिसले तर काम सोपं. पण पित्तातही रंग असतो आणि लोहाचे कणही तपकिरीच दिसतात, म्हणून मेलानिनसाठी वेगळी रंगवणी करतात. खरी कसोटी रंग नसलेल्या मेलानोमात. मोठ्या, अस्ताव्यस्त पेशी, ठळक केंद्रबिंदू. पाहणाऱ्याला त्या पित्तनलिकेच्या बिघडलेल्या कर्करोगाच्या सहज वाटाव्यात. तपासणीच्या चिठ्ठीवर ‘कावीळ, पित्तनलिकेत गाठ’ एवढंच लिहिलेलं असेल, तर अहवालही त्याच दिशेने जाण्याची भीती. ‘सात वर्षांपूर्वी तळपायाची काळी गाठ काढली होती’ ही एक ओळ जोडली, की पॅथॉलॉजिस्ट वेगळ्या चाचण्या लावतो. या चाचण्यांत पेशींतली ठरावीक प्रथिनं प्रतिपिंडांनी शोधतात. एस-100 आणि सॉक्स-10 मेलानोमा सहसा निसटू देत नाहीत. एचएमबी-45 आणि मेलान-ए यांचा नेम जास्त अचूक. उलट, सायटोकेरॅटिन 7 आणि 19 पित्तनलिकेच्या कर्करोगात उमटतात, मेलानोमात सहसा नाही. पहिला गट उमटला आणि दुसरा कोरा राहिला, म्हणजे नाव निश्चित झालं.

नाव कळलं तरी एक प्रश्न उरतो: ही गाठ इथे जन्मली की बाहेरून आली? पित्तनलिकेत मुळातच सुरू झालेल्या मेलानोमाची उदाहरणं नोंदली गेली आहेत, पण ती अगदी हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी. म्हणून उगम शोधण्यासाठी रुग्णाला खरोखर नखशिखांत तपासतात. टाळू, कानामागे, बोटांच्या बेचक्या, तळपाय, नखं, तोंड, गुदद्वार, जननेंद्रियं आणि डोळ्याचा पडदा. बरोबरीने पेट स्कॅन. मेलानोमा साखर अधाशासारखी खेचतो, त्यामुळे लहान लहान ठिपकेही उजळतात. एवढं करूनही काहींच्या अंगावर काहीच सापडत नाही. शरीराच्या प्रतिकारशक्तीने कातडीवरची मूळ गाठ पुसून टाकलेली असते, पण तोवर तिच्यातून निघालेल्या पेशी आत रुजलेल्या असतात.

गेल्या दहा-बारा वर्षांत या निदानात एक नवी गुंतागुंत आली आहे. पसरलेल्या मेलानोमाला आता प्रतिकारशक्ती मोकळी सोडणारी औषधं देतात. त्यांच्यामागच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना 2018 चं नोबेल मिळालं. मोकळी सुटलेली प्रतिकारशक्ती कधीकधी स्वतःच्याच यकृतावर आणि पित्तनलिकेवर चालून जाते. नलिकेची भिंत जाड होते, अल्कलाइन फॉस्फटेज वाढतं, कधी कावीळ दिसते. म्हणजे आधीच मेलानोमाचे उपचार घेणाऱ्या माणसाचे डोळे पिवळे झाले, तर कर्करोग वाढला की औषधच बाधलं, हे ठरवावं लागतं. एकात औषध पुरेसं पडत नाहीये, दुसऱ्यात ते थांबवायचं आहे. इथेही एमआरसीपी आणि तुकडा यांच्याशिवाय सुटका नाही.

एवढा आटापिटा कशासाठी, याचं उत्तर उपचारांत आहे. पित्तनलिकेच्या खालच्या टोकाचा स्वतःचा कर्करोग असेल आणि रुग्णाला झेपणार असेल, तर स्वादुपिंडाचं डोकं, आतड्याचा भाग, नलिका, पित्ताशय एकत्र काढणारी व्हिपल शस्त्रक्रिया करतात. ती फार मोठी, महिनोन्‌महिने थकवणारी. तीच गाठ पसरलेल्या मेलानोमाची असेल, तर बहुतेकांसाठी आधी स्टेंटने पित्ताची वाट मोकळी करायची आणि मग औषधं. एकच एक गाठ असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो, पण तो अपवाद. 2011 च्या आधी पसरलेल्या मेलानोमाचे निम्म्याहून अधिक रुग्ण वर्षाच्या आतच जात. निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब या प्रतिकारशक्ती मोकळी सोडणाऱ्या औषधांची जोडी घेतलेल्या रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीचे दहा वर्षांचे आकडे 2024 मध्ये आले, तेव्हा 43 टक्के जण हयात होते. ते रुग्ण प्रामुख्याने पाश्चात्त्य होते. तळपायाचा आणि नखाचा मेलानोमा या औषधांना तुलनेने कमी दाद देतो, आणि खर्च आपल्याकडच्या बहुसंख्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचा आहे. तरी हा रस्ता उघडतो तो बरोबर नाव कळल्यावरच.

तुकड्याचं काम नाव कळल्यावरही संपत नाही. गोऱ्या लोकांच्या कातडीवरच्या जवळपास निम्म्या मेलानोमांत ‘बीराफ’ या जनुकात बदल सापडतो आणि तसा बदल असेल तर त्यावर नेमक्या गोळ्या आहेत. तळपायाच्या प्रकारात तो कमी वेळा असतो, तिथे ‘किट’ जनुकही तपासतात. पित्तनलिकेतून आलेला तुकडा इतका चिमुकला असतो, की नाव ठरवण्यातच तो संपून जातो. अशा वेळी काही वर्षांपूर्वी काढलेल्या गाठीचा मेणात जपलेला ठोकळा, ज्याला लॅबमध्ये ‘ब्लॉक’ म्हणतात, कामी येतो. अंगावरून काहीही काढलं, कुरूप असो की मस, तर ते फेकून न देता तपासणीला पाठवायला सांगावं, अहवाल फाइलमध्ये ठेवावा आणि ब्लॉक कुठल्या लॅबमध्ये आहे ते त्यावर लिहून ठेवावं. दुसऱ्या रुग्णालयात जाताना स्लाइड आणि ब्लॉक मागून घेता येतात. लॅब ते कायम सांभाळत नाहीत, म्हणून काढल्यानंतर लवकरच चौकशी केलेली बरी.